मनकर्णाबाईची पांढरी रांग

दसरा जवळ आला की वस्तीतल्या बायांच्या तोंडी एकच विषय असायचा, मनकर्णाबाईची रांग. उत्तर नागपुरातल्या त्या वस्तीतून अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीपर्यंत पायी मिरवणूक निघायची. पुढे बाया, मागे पुरुष. हा क्रम कोणी ठरवला असं विचारलं तर पुरुष सांगत, समितीनं ठरवला. बाया नुसत्या मनकर्णाबाईकडे बघून पदराआड हसत.

रांगेत चाळीसेक जणी असायच्या. दोघी-दोघींच्या जोड्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्या-पातळांत, आणि सर्वांच्या पुढे पंचरंगी झेंडा घेऊन मनकर्णाबाई. उंच, काटक, पाठीचा कणा ताठ. आवाज तर असा की विहाराच्या मैदानात तिनं "सरळ चाला" म्हटलं तर रस्त्यावरचा सायकलवालाही दचकून हँडल सरळ करायचा.

तालमी सुरू व्हायच्या पहिल्या संध्याकाळी ती नव्या पोरींना समोर बसवून छप्पन सालची गोष्ट सांगायची. जुन्या बायांना ती पाठ होती, तरी त्या भोवती उभ्या राहून पुन्हा ऐकायच्या.

"मी तवा एकोणतीस वर्षांची होती," ती सुरुवात करायची. "वस्तीत घरोघरी पांढरे कपडे तयार. बाबासाहेब दीक्षा देऊन राहिले, कोणाले झोप नाही. अन् मले नेमकं आदल्या दिवशी आलं. त्या वखती आमच्या घरात बाईचे दिवस आले का चार दिवस मागच्या पडवीत बसाचं. वेगळं ताट, वेगळा गिलास, निजाले पोतं. सासू म्हणे, तू नोको येऊ, तुले चालत नाही. मी म्हटलं, आत्याबाई, ज्या विटाळाले लाथ माराले आपण चाललो, तोच विटाळ धरून मी घरात बसू का? नेसली लुगडं अन् गेली. लाखो लोकांत उभी राहिली अन् दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरची बाई बसली नाही. अन् या रांगेतली बाई बी बसत नाही."

शेवटचं वाक्य आलं की पोरींच्या माना आपोआप वर व्हायच्या. गोष्ट खरी होती, आणि अभिमानानं सांगावी अशीच होती. ज्यांना रस्त्यावर सावली वाचवून चालावं लागलं होतं, त्यांच्या लेकी-सुना आता त्याच शहराच्या मधोमध झेंडा घेऊन चालत होत्या. मनकर्णाबाईची मान ताठ होती ती उगाच नव्हती.

पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पडवीतला तो कोपरा मोडला हे फार चांगलं झालं, मात्र त्या कोपऱ्याबरोबर घरातल्या बाईला घडीभर अंग टेकायची सोयही मोडली. पूर्वी बाई बाजूला बसली की घरादाराला कळायचं. अपमान व्हायचा, पण त्या दिवसांत तिच्या डोक्यावर घागर तरी कोणी देत नव्हतं. आता कळायचंच नाही. आपण विटाळ मानत नाही, मग सांगायचं कशाला आणि कोणाला? थोरल्या मुलाचं, विश्वनाथचं लग्न होऊन प्रेमिला घरात आली आणि पहिल्याच महिन्यात पोट धरून भिंतीला टेकली, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाली, "आपल्या घरात हे नसते वं. उठ, नळ जाईन." नव्या सुनेला दोन दिवस प्रश्न पडला होता की या घरच्या बायांना हे खरंच नसतं की काय.

धाकट्या लेकीचं, शामलाचंही तसंच झालं. ती तेरा वर्षांची, आठवीत गेलेली. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तिला पहिल्यांदा पाळी आली. शेजारच्या गल्लीत अशा वेळी पोरीला मखरात बसवत, हिरव्या बांगड्या भरत आणि मग पुढची पंचवीस-तीस वर्षं दर महिन्याला कोपऱ्यात ढकलत. मनकर्णाबाईनं तसलं काही केलं नाही. फडकं कसं घ्यायचं ते दाखवलं, कसं धुवायचं ते सांगितलं आणि दप्तर हातात दिलं. "झालं. आता शाळेत जाय. आपल्या घरची बाई बसत नाही." शामला गेली. वर्गात बाकाची कड दोन्ही हातांनी धरून तिनं पाचही तास काढले, आणि घरी कोणाला सांगितलं नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, मनकर्णाबाईचं स्वतःचं अंग तिचं ऐकेनासं झालं.

उन्हाळ्यात तीन महिने पाळी आलीच नाही. वय शेचाळीस. पहिल्यांदा भलतीच शंका येऊन ती दिवस मोजत बसली, कारण घरात नवी सून असताना सासूला दिवस जाणं म्हणजे वस्तीला वर्षभराची करमणूक. मग रांगेत सगळ्यात मागे चालणाऱ्या साठी उलटलेल्या सिंधूताईनं तिची चौकशी केली आणि निकाल दिला, "सुटली तू. माहं असंच गेलं." मनकर्णाबाईला हायसं वाटलं. तिनं आपली जुनी फडकी काढली, धुऊन वाळवली आणि एका गोधडीच्या पोटात घालून शिवून टाकली. गोधडीचा शेवटचा टाका घालून होतो न होतो तोच पुन्हा आलं. आणि असं आलं की दोन आठवडे थांबायचं नाव नाही. तिनं गुपचूप गोधडी उसवायला घेतली.

"आत्याबाई, नवी गोधडी काहून उसवून राहिल्या?" प्रेमिलानं विचारलं.

"टाके वाकडे आले."

टाके सरळ होते. प्रेमिलानं ते पाहिलं.

त्यात अंगातून वाफा. बसल्या बसल्या छातीतून आग उठायची, गळा, कान, कपाळ पेटायचं, घाम सुटायचा आणि मागोमाग हुडहुडी भरायची. मे महिन्यात ते खपून गेलं, नागपुरात तेव्हा सगळ्यांचीच ती गत असते. पण भर पावसाच्या झडीत ती विंझणा घेऊन वारा घालत बसली तेव्हा देवाजी, तिचा नवरा, तोंड उघडं टाकून बघत राहिला. देवाजी कापडगिरणीत होता. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे घरी तो फारसं बोलतच नसे.

"असे पाहून काय राहिले?" ती कडाडली. "अजी, मशीनवर ओरडता तसं माह्यावर ओरडू नका."

देवाजी एक शब्द बोलला नव्हता. तो उठून ओट्यावर जाऊन बसला आणि पाऊस थांबेपर्यंत आत आला नाही.

सांगायचं कोणाला? हे तिचं खरं दुखणं होतं. सतरा वर्षं ज्या तोंडानं 'आमच्या घरची बाई बसत नाही' म्हटलं, त्याच तोंडानं 'मला उभं राहवत नाही' कसं म्हणायचं? दसरा दिवसागणिक जवळ येत होता. पांढरं लुगडं, दोन तासांची चाल, हातात झेंड्याची काठी, मागे चाळीस बाया आणि दोन्ही बाजूंना बघ्यांची दाटी. वाटेत अंगावरून जाऊ लागलं तर? रांग सोडावी तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर ती छप्पनची गोष्ट पोरींना पुन्हा सांगायची सोय राहणार नाही. तिनं मनाशी ठरवलं, यंदा काहीही होवो, झेंडा आपणच न्यायचा.

तालमीच्या तिसऱ्या संध्याकाळी शामला रांगेत मधेच वाकली. पोटावर हात दाबून ती मातीत उकिडवी बसली, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उठ," मनकर्णाबाई पुढून ओरडली. "रांग मोडून राहिली तुह्यामुळे."

शामला उठली. खालचा ओठ दातांत धरून ती चालू लागली. मनकर्णाबाईनं तो चेहरा पाहिला आणि तिला कसंसंच झालं, कारण सकाळी भांग पाडताना आरशात तिला अगदी तोच चेहरा दिसला होता. तसाच दाबलेला ओठ, तसेच ओढलेले डोळे. ती काही बोलणार तेवढ्यात मैदान एका बाजूला कलंडलं. झेंडा हातातून सुटला. तो खाली पडायच्या आत प्रेमिलानं एका हातानं काठी धरली आणि दुसऱ्या हातानं सासूला.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलानं कोणाचं ऐकलं नाही. सासू आणि नणंद दोघींना रिक्षात घालून ती दवाखान्यात घेऊन गेली.

तिथली डॉक्टर अरुंधती तिशीची होती. चष्मा, आखूड वेणी, बोलणं चटचट. "काय होतंय?" असं तिनं विचारलं तेव्हा मनकर्णाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "काही नाही. चक्कर आली." मग प्रेमिलानं गोधडीपासून सगळं सांगितलं. मनकर्णाबाई तिच्याकडे बघतच राहिली. ही पोर इतके दिवस सगळं पाहत होती तर.

डॉक्टरनं पापणी ओढून बघितली, पोट तपासलं, पडद्याआड नेऊन आतून तपासलं, पुष्कळ प्रश्न विचारले. मग मायलेकींना समोरासमोर बसवलं.

"बाईच्या अंगात हार्मोन्स असतात," ती म्हणाली. "दिसत नाहीत, पण महिन्याचा सगळा कारभार तेच चालवतात. मुलगी वयात येते तेव्हा हा कारभार नवा असतो. पाळी कधी लवकर येते, कधी उशिरा, कधी पोटात जीव जाईल अशा कळा येतात. दोन-चार वर्षांत घडी बसते. आणि चाळिशी उलटली की हाच कारभार आवरता घेणं सुरू होतं. मग पुन्हा तोच गोंधळ. दोन महिने नाही, मग पंधरा दिवस आहेच. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, राग येतो. यात तुमचा दोष नाही आणि तुमच्या नवऱ्याचा तर नाहीच नाही."

प्रेमिला हसू दाबायला खिडकीकडे वळली.

"एकाच घरात हिचं सुरू होतंय आणि तुमचं संपतंय," डॉक्टर म्हणाली. "दोघींनी एकमेकींना जपायचं. हिला कळा आल्या की गरम पाण्याचा शेक द्या, पोटभर खायला द्या, पडू द्या. तुमचं मात्र फार गेलंय, अंगात रक्त राहिलेलं नाही. या गोळ्या रोज घ्या. आता भलतं काही दिसत नाही, पण इतकं जाणं अंगावर काढायचं नाही. दसरा झाला की परत या, मोठ्या इस्पितळात दाखवू. तोवर थकवा वाटला की बसायचं."

मनकर्णाबाई ताडकन उठली. "आमी बसत नाही."

"म्हणजे?"

"आमच्या घरची बाई बसत नाही."

डॉक्टरला काही उमगलं नाही. ती जरा विचार करून म्हणाली, "बरं, मग आडव्या पडा."

घरी आल्यावर शामलानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि आईकडे न बघता बोलून टाकलं, "माय, मी यंदा रांगेत येत नाही."

"काहून?"

"दसऱ्याले माहे दिवस येतीन."

"मंग काय झालं? छप्पन साली मी..."

"तू गेली होती, मले मालूम आहे. तुले जाचं होतं म्हणून तू गेली." शामलाचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "आजी तुले बस म्हणे. तू मले उठ म्हणते. मले काय वाटते, ते कोणीच इचारत नाही."

घरात कोणी आईला असं बोललेलं नव्हतं. देवाजीनं कप खाली ठेवला. प्रेमिला स्टोव्हला पंप मारता मारता थांबली. मनकर्णाबाईच्या छातीतून ती ओळखीची आग वर आली, गळ्यापर्यंत, कानापर्यंत. आता कडाडणार असं सगळ्यांना वाटलं. ती मात्र आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तिथं तिची पत्र्याची पेटी होती. पेटीत तळाशी ते छप्पन सालचं पांढरं लुगडं. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, ती ते नेसायची. त्याला घडी घालायला ती सुनेला हात लावू देत नसे, आणि त्याचं कारणही सांगत नसे. तिनं घडी उलगडली आणि नेसताना जो भाग नेहमी आत खोवायची तो मांडीवर घेतला. तळहाताएवढा पिवळसर डाग होता. सतरा वर्षांत तो फिका झाला होता, गेला नव्हता.

छप्पनच्या त्या गोष्टीला पुढे आणखी एक तुकडा होता, आणि तो तिनं कधीच कोणाला सांगितला नव्हता. त्या दिवशी परत येताना तिच्या लुगड्याला डाग पडला होता. दिवसभराच्या उभं राहण्यानं पायांचे खांब झाले होते, पोटात कळा उठत होत्या. पदर मागून गुंडाळून ती कशीबशी घरी पोचली. सासू कौसल्याबाई तिच्याआधी येऊन दारात उभी होती. तिनंही त्याच मैदानात दीक्षा घेतली होती. तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं. सकाळीच तिला 'येऊ नको' म्हणणारी ती म्हातारी पुढे आली आणि तिनं सुनेचा हात धरला. एरवी ते चार दिवस सुनेच्या सावलीपासूनही लांब राहणारी ती सासू. तिनं तिला पडवीत नेलं नाही. मधल्या घरात, स्वतःच्या खाटेवर निजवलं. ओवा आणि गूळ घालून उकळलेलं पाणी पाजलं. "पड आता," ती म्हणाली, "दिवसभर उभी होती." आणि मग ते लुगडं घेऊन ती अंगणात गेली आणि सगळ्या वस्तीच्या देखत, दगडावर, आपल्या हातांनी तिनं ते धुतलं.

मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून होती. तिच्या वाटची घागर सासूनं वाहिली. गोष्ट सांगताना हे कधी तोंडात आलं नाही. झेंडा, मैदान, लाखो लोक, यांच्यापुढे खाटेवर पडून राहिलेली बाई शोभत नव्हती. आता लुगडं मांडीवर घेऊन बसल्यावर तिला लख्ख दिसलं की पडवीतला कोपरा त्या रात्री मोडला तो एकट्या तिनं मोडला नव्हता. एक उभी राहिली होती आणि एकीनं तिला निजवलं होतं. अर्धी गोष्ट तिनं सतरा वर्षं आत खोवून ठेवली होती. म्हातारीच्या आठवणीनं तिचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी तिला रागाऐवजी दुसरं काही वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी शामला पोट धरूनच उठली. मनकर्णाबाईनं तिच्यासमोर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. "याचं असन तं ये," ती म्हणाली. "नाही आली तरी मी रागावणार नाही. तुह्या मर्जीची गोष्ट आहे."

शामलानं बराच वेळ बाटली पोटाशी धरली. मग तिनं पांढरं पातळ मागितलं. तिला यायचंच होतं. नुसतं कोणी विचारावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

मिरवणूक निघाली. घोषणांनी वस्ती दणाणली. मनकर्णाबाईनं आत भरपूर फडकी घेतली होती, अख्खी गोधडीच म्हणा ना. प्रेमिलाच्या खांद्यावर आणखी घड्या भरलेली पिशवी होती आणि पाण्याची कळशी आळीपाळीनं बायांच्या कडेवर होती. पहिला तास झेंडा ताठ राहिला. सदरची वस्ती ओलांडली, ऊन चढलं. पुढच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुनिंबाची मोठी झाडं लागली तेव्हा मनकर्णाबाईला मांडीवर ऊब जाणवली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं मागे वळून पाहिलं. शामला पहिल्याच जोडीत होती, ओठ दातांत धरून, ताठ. तिच्या मागे रामाजी शिंप्याची बायको, लेकरू अंगावर पिणारं. तिच्या मागे आणखी कितीतरी चेहरे, घामानं निथळणारे, आणि एकही तक्रार न करणारे. कोणाच्या अंगात काय चाललं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"रांग, थांबा," ती म्हणाली. तो मैदानातला आवाज. रांग जागच्या जागी थांबली.

"बसा."

कोणी हललं नाही. बायांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग सगळ्यात मागून सिंधूताई म्हणाली, "मी तं केव्हाची वाट पाहून राहिली," आणि तिनं निंबाच्या सावलीत बैठक मारली. तिच्या पाठोपाठ एकेक करत सगळ्या बसल्या. भर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या लुगड्यांची ती लांब ओळ बसली. मनकर्णाबाईनं झेंड्याची काठी शामलाच्या हातात दिली, झाडाला पाठ टेकली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा रांगेसमोर खाली बसली.

"माही पाळी जाऊन राहिली," ती म्हणाली. आवाज मुद्दाम बारीक केला नाही. "जाता जाता लय छळून राहिली. आताबी चालू आहे. ज्या बाईले आज आलं असन तिनं पाणी प्यावं. फडकं बदलाचं असन तर प्रेमिलाजवळ पिशवी आहे, त्या भिंतीमागं दोघी पातळ आडवं धरतीन. अन् आता माही गोष्ट ऐका. तुमाले अर्धीच मालूम आहे."

मग तिनं राहिलेली अर्धी सांगितली. सांगताना लुगड्याचा आत खोवलेला भाग काढून मांडीवर पसरला. डाग बघायला बाया पुढे सरकल्या. लुगड्याचं ते टोक या हातातून त्या हातात गेलं. एकीनं त्यावरून बोट फिरवलं. प्रेमिलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. रामाजी शिंप्याची बायको म्हणाली, "बाळंतपणानंतर मले दोन महिने झोप नाही लागली बाई, कोणाले सांगू?" दुसरी म्हणाली, तिला चार महिन्यांनी एकदा येतं आणि लेकरू होत नाही म्हणून सासू बोलते. सिंधूताई म्हणाली, वाफा तिलाही येत होत्या, तेव्हा ती अंगात भूत शिरलं म्हणून नुसती घाबरून बसली होती. एकदा तोंड उघडल्यावर चाळीस बायांना आवरणं कठीण. भिंतीमागं पातळ आडवं धरलं गेलं आणि एकीमागून एक बाया जाऊन आल्या.

तेवढ्यात मागून चंपतराव धापा टाकत आले. समितीचे अध्यक्ष, साठीचे, खादीचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"काहून थांबली रांग?" त्यांनी विचारलं. "झेंडा पडला का?"

"झेंडा उभा आहे," मनकर्णाबाई म्हणाली. शामलानं काठी आणखी सरळ केली.

"मंग या बाया?"

"बसल्या आहेत."

"कोणी बसवल्या?"

"कोणीच नाही, दादा," मनकर्णाबाई म्हणाली. "आपल्या मर्जीनं बसल्या. उठल्या का चालू."

चंपतरावांनी रांगेवर नजर टाकली. त्यांच्या लहानपणी त्यांची आई दर महिन्याला पडवीत पोत्यावर बसायची आणि ते लांबून तिला भाकर सरकवायचे. ते काय समजले ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून घाम पुसला, ती परत घातली आणि मागे वळून हात वर केला. "थांबा गा," त्यांनी पुरुषांना आवाज दिला, "बाया बसल्या आहेत." मागचे पुरुषही झाडांखाली बसले. पाय त्यांचेही दुखतच होते, पण तसं म्हणणार कोण?

पुरेसं झालं असं वाटलं तेव्हा मनकर्णाबाई उठली. तिच्याबरोबर सगळी रांग उठली. लुगडी झटकली गेली, पदर सारखे झाले, जोड्या लागल्या. शामलानं झेंडा आईपुढे धरला. मनकर्णाबाईनं हात पुढे केला नाही.

"धर तूच," ती म्हणाली. "जड वाटलं का सांग. लाजू नोको."

शामला पुढे झाली. मनकर्णाबाई प्रेमिलाच्या जोडीला, दुसऱ्या ओळीत लागली. इतकी वर्षं रांगेच्या पुढे चालल्यामुळे तिला स्वतःची रांग कधी नीट दिसलीच नव्हती. आता समोर लेकीच्या डोक्यावर पाच रंग फडफडत होते आणि मागे चाळीस बायांची पावलं एका ठेक्यात पडत होती. छाती अभिमानानं भरून येणं म्हणजे काय ते तिला त्या दुसऱ्या ओळीत कळलं. लुगड्याचा तो डाग तिनं पुन्हा आत खोवला नव्हता. तो वाऱ्यावर उघडा होता.

शामलाला मात्र झेंडा हातात आल्याचं स्फुरण चढलं होतं. ती झपाझप पुढे निघाली आणि रांगेत अंतर पडू लागलं. तेव्हा मागून मैदानातला तो आवाज आला. सायकलवाले नेहमीप्रमाणे सरळ झाले.

"हळू चाल वं, शामला. मागून बाया येऊन राहिल्या."